न गंजणारं, पण वाकणारं प्लॅटिनम

भोसरीतल्या एका हीट ट्रीटमेंटच्या शेडमध्ये भट्टीतून काढलेलं जुनं थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजायचं साधन, मी हातात घेतलं होतं. सिरॅमिकच्या नळीत अर्ध्या मिलिमीटरच्या दोन तारा: एक शुद्ध प्लॅटिनमची, दुसरी १० टक्के ऱ्होडियम हा धातू घातलेली. हायस्पीड स्टीलच्या भट्टीत १२०० अंश सेल्सिअसच्या आसपास महिनोन्‌महिने राहूनही दोन्हींवर गंजाचा डाग नव्हता. पण शुद्ध तार जराशी वाकवली आणि ती कट्कन तुटली.

प्लॅटिनम १७६८ अंशांना वितळतं, मग १२०० ला त्याचं काय बिघडतं? धातू असंख्य बारीक स्फटिककणांचा बनलेला असतो. उष्णतेत हे कण एकमेकांना गिळत मोठे होतात. शेवटी तारेच्या रुंदीएवढा एकेक कण उरतो, बांबूच्या पेरांसारखा. तार मोडते ती पेरांच्या सांध्यावर. शिवाय भार असेल तर तापलेला धातू हळूहळू ताणत जातो; याला क्रीप म्हणतात. वितळायला बराच अवकाश असतो, पण आकार आधीच गेलेला असतो.

ऱ्होडियम मिसळलं की ताकद वाढते. काचेचे धागे ओढायच्या सच्छिद्र पात्रांत हेच मिश्रण वापरतात. झिर्कोनियाचे (झिर्कोनियमच्या ऑक्साइडचे) अतिसूक्ष्म कण पेरले, तर स्फटिककणांची वाढच अडते.

मला सर्वांत भावलेली कल्पना मात्र जेट इंजिनांकडून आली आहे. पात्यांच्या निकेल मिश्रधातूत निकेल-ॲल्युमिनियमचे सूक्ष्म ठोकळे विटांसारखे रचलेले असतात आणि धातूची घसरण अडवतात. पण निकेल १४५५ अंशांनाच वितळतं आणि हे ठोकळे त्याआधीच विरघळतात. दक्षिण आफ्रिकेतल्या मिन्टेक संस्थेच्या संशोधकांनी निकेलच्या जागी प्लॅटिनम घेतलं. दर १०० अणूंमागे ८४ प्लॅटिनम, ११ ॲल्युमिनियम, ३ क्रोमियम, २ रुथेनियम. ठोकळे तसेच तयार होतात. क्रोमियम त्यांची घनाकार रचना टिकवतं, रुथेनियम भोवतालचा धातू कणखर करतं आणि ॲल्युमिनियममुळे पृष्ठभागावर ऑक्साइडचं संरक्षक कवच येतं.

अडचण वजनाची आहे. प्लॅटिनमची घनता घन सेंटिमीटरला २१.४५ ग्रॅम, निकेलची ८.९. गरगर फिरणारं पातं एवढं जड झालं, तर त्याच्या मुळावर येणारा ताणही तेवढाच वाढतो. किंमत तर लक्ष्मी रोडवरच्या कुठल्याही सराफाला विचारावी. म्हणून आज अनेक जेट इंजिनांत पातं निकेलचंच असतं आणि प्लॅटिनम त्याच्या अंगावर, केसापेक्षाही पातळ थरात चढवून ॲल्युमिनियमबरोबर मुरवलेलं असतं.