रुग्णालय माहिती प्रणाली

रुग्णाची नोंदणी, तपासण्या, औषधे, बिल आणि डॉक्टरांच्या नोंदी संगणकावर एकत्र जोडणारी व्यवस्था. कर्मचाऱ्यांच्या तोंडी नुसती ‘सिस्टिम’.

ती बहुधा बिलाच्या खिडकीतून रुग्णालयात शिरते. हिशेब लागतो, केसपेपर छापून मिळतो, म्हणून व्यवस्थापन खूश. मग प्रयोगशाळा, औषध भांडार, एक्स-रे विभाग. वॉर्डाचा नंबर शेवटी लागतो, कारण राउंड चालू असताना टाइप कोणी करायचे? ते काम सहसा निवासी डॉक्टरांच्या गळ्यात पडते आणि एकच नोंद आधी कागदावर, मग पडद्यावर, अशी दोनदा लिहिली जाते.

अमेरिकेतील माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांची ‘व्हिस्टा’ उलट्या वाटेने वाढली. १९७० च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या प्रोग्रामरांनी डॉक्टरांच्या शेजारी बसून, मुख्यालयाचा विरोध असताना, तिचे तुकडे लिहिले. १९८२ मध्ये त्यांना अधिकृत मान्यता मिळाली. त्यासाठी वापरलेली ‘मम्प्स’ ही संगणकाची भाषा १९६० च्या दशकात बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये जन्मली. (रुग्णालयात जन्मलेल्या भाषेला नाव मिळाले ते गालगुंडाचे!) भाड्याची मोटार परत घेताना बारकोड वाचला जातो, हे कॅन्सस राज्यातल्या टोपीका येथील अशाच रुग्णालयातील परिचारिका स्यू किनिक यांनी पाहिले, १९९० च्या दशकात तीच युक्ती औषधे देताना वापरली गेली. रुग्णाच्या मनगटावरची पट्टी आणि गोळीचे पाकीट, दोन्ही स्कॅन करायचे. जुळले नाही तर पडदा थांबवतो.

भारतात सरकारी रुग्णालयांत एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) या केंद्र सरकारी संस्थेची ‘ई-हॉस्पिटल’ आणि सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेची ‘ई-सुश्रुत’ या प्रणाली चालतात. विस्तारात खरी अडचण यंत्रांपेक्षा ओळखीची असते. एकच बाई बाळंतपणाला माहेरच्या नावाने नोंदवली जाते, पुढे ऑपरेशनला सासरच्या. ‘चौधरी’ रोमन लिपीत दर खिडकीवर वेगळे. जुने रिपोर्ट असूनही सापडत नाहीत. २०२१ मध्ये देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा १४ अंकी ‘आभा’ क्रमांक यावरचाच उपाय आहे. मात्र तो खिडकीवर विचारला गेला तरच उपयोगी.

सगळे विभाग जोडले की बिघाडही सगळीकडे पोचतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला, सर्व्हर बंद पडले आणि नोंदणीपासून रिपोर्टपर्यंतची कामे बरेच दिवस हातानेच करावी लागली.