टुंड्रातील फुलांचे छायाचित्रण आणि जमिनीलगतची हवा

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात, रॉकी माउंटन नॅशनल पार्कमधून जाणारा ट्रेल रिज रोड ३,७१३ मीटर उंचीपर्यंत चढतो आणि त्याचा सुमारे १८ किलोमीटरचा भाग वृक्षरेषेच्या वर आहे. तेथे झाडे तग धरत नाहीत; अशा थंड, वृक्षहीन प्रदेशाला टुंड्रा म्हणतात. जे उगवते ते बहुधा घोट्याच्याही खाली राहते. जुलै महिन्यात मात्र या ओसाड दिसणाऱ्या उतारांवर गुलाबी, पिवळी आणि निळीशार फुले दाटीने येतात. त्यांची पर्यटकांनी काढलेली छायाचित्रे बहुतेक वेळा फसतात, कारण ती उभ्या उभ्या, वरून काढलेली असतात आणि त्यांत फुलाऐवजी एक रंगीत ठिपका उरतो.

फुले इतकी बुटकी का, याचे मुख्य कारण वारा. जमिनीशी होणाऱ्या घर्षणामुळे वाऱ्याचा वेग खाली येत जातो आणि अगदी पृष्ठभागालगत हवेचा एक पातळ, संथ थर तयार होतो. मॉस कॅम्पियन ही वनस्पती याच थरात राहते. तिच्या असंख्य आखूड फांद्या एकमेकींना चिकटून उशीच्या आकाराचा घट्ट पुंजका बनतो. त्यात ओलावा टिकतो आणि उन्हाच्या वेळी आतले तापमान बाहेरच्या हवेपेक्षा काही अंशांनी वाढते. छायाचित्रकाराच्या दृष्टीने हा मोठाच लाभ आहे, कारण लांब देठावरचे फूल झुलत असताना शेजारचे कॅम्पियन किंवा अल्पाइन फरगेट-मी-नॉट हे बुटके निळे फूल जवळजवळ स्थिर असते.

या स्थैर्याचे मोल आकड्यांत पाहता येते. फुलाची प्रतिमा कॅमेऱ्यातील सेन्सरवर (प्रकाश टिपणाऱ्या पट्टीवर) फुलाएवढीच पडावी, इतक्या जवळून आपण छायाचित्र घेत आहोत असे समजू. फूल सेकंदाला १० सेंटिमीटर वेगाने हलत असेल, तर १/५०० सेकंदाच्या उघडझापीत ते ०.२ मिलिमीटर सरकते. सेन्सरवरचा एक पिक्सेल साधारण ४ मायक्रॉनचा, म्हणजे ०.००४ मिलिमीटरचा धरला, तर प्रतिमा ५० पिक्सेल फरफटली जाते, म्हणजे पाकळीच्या कडेचा पत्ताच लागत नाही. शिवाय पूर्ण आकाराच्या सेन्सरवर, एफ/८ या छिद्रमानाला (लेन्समधून प्रकाश आत घेणाऱ्या छिद्राच्या मापाला), स्पष्ट दिसणाऱ्या भागाची खोली जेमतेम एक मिलिमीटर भरते. छिद्र आणखी लहान केले तर ही खोली वाढते, पण प्रकाश कमी पडतो आणि विवर्तनामुळे, म्हणजे लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, सगळेच चित्र थोडे धूसर होते. म्हणून थोडे मागे सरकून, फूल चौकटीत लहान ठेवून काढलेले छायाचित्र पुष्कळदा अधिक समाधान देते. माझ्या मते ते अधिक खरेही असते, कारण त्यात फुलाभोवतीचे दगड आणि खुरटे गवतही दिसते.

वेळ सकाळचीच बरी. उन्हाळ्यात दुपारी या डोंगरांवर विजांसह वादळे येतात आणि उघड्या माथ्यावर आडोसा नसतो. सकाळच्या उन्हाचा आणखी एक फायदा ‘ओल्ड मॅन ऑफ द माउंटन’ या, सूर्यफुलाच्या कुळातील वनस्पतीमुळे कळतो. तिची मोठी पिवळी फुले बहुधा पूर्वेकडे तोंड करून असतात, त्यामुळे पूर्वेला बसले की त्यांचा दर्शनी भाग उजळलेला मिळतो; पश्चिमेला बसले तर देठापानांवरची पांढरी लव उन्हात चमकते. ही लव बाष्पीभवन आणि वारा यांपासून रोपाचे रक्षण करते. हे रोप कित्येक वर्षे अन्न साठवते, एकदाच फुलते आणि मरते, हे ठाऊक असेल तर ते फूल तोडून सोयीच्या पार्श्वभूमीवर ठेवण्याचा मोह होणार नाही.

बर्फ वितळू लागताच फुलणारा स्नो बटरकप दिवसभर सूर्याच्या दिशेने वळत राहतो, त्यामुळे फुलाचा गाभा उबदार राहतो. कडक उन्हातल्या काळ्या सावल्या टाळण्यासाठी छायाचित्रकार फुलावर छत्री किंवा स्वतःची सावली धरतात. क्षणभर तसे करायला हरकत नाही, पण अर्धा तास धरलेली सावली त्या फुलाच्या उष्णतेचा पुरवठाच तोडते.

खरी हानी मात्र पायांनी, गुडघ्यांनी आणि ट्रायपॉडने होते. अलास्कातील मोजमापांवरून मॉस कॅम्पियनच्या काही पुंजक्यांचे वय तीनशे वर्षांहून अधिक असावे, असा अंदाज आहे. बिट्रिस विलर्ड या पर्यावरणशास्त्रज्ञ महिलेने १९५९ साली ट्रेल रिज रोडलगत रॉक कट आणि फॉरेस्ट कॅन्यन येथे तुडवले गेलेले भूखंड राखून त्यांचा दीर्घकाळ अभ्यास केला. माती उघडी पडली तर पूर्ववत होण्यास शेकडो वर्षे लागू शकतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. वाढीचा काळ अवघ्या काही आठवड्यांचा, माती पातळ आणि वारा उघड्या मातीचे कण उडवून नेणारा. मग भरपाई होणार कशी? पार्कच्या संरक्षित टुंड्रा विभागांत पायवाट सोडण्यास बंदी आहे. इतरत्र दगडांवरून चालावे आणि गटाने एकामागून एक न जाता विखरून जावे, म्हणजे एकाच जागेवर वारंवार पाय पडत नाही. कॅमेरा टेकवायला सपाट खडक ट्रायपॉडपेक्षा चांगला. ३०० मिलिमीटरच्या लेन्सला एक्स्टेन्शन ट्यूब (लेन्स आणि कॅमेरा यांमध्ये बसणारी, अधिक जवळचे टिपू देणारी पोकळ नळी) जोडली, तर पायवाटेवर बसूनही हातभर आत असलेले फूल चौकटीत पुरेसे मोठे येते.