फोटोची फाईल न उघडणे

फोटोची फाईल न उघडणे : चित्राची फाईल मोबाईल किंवा कॉम्प्युटरवर अजिबात न उघडणं, अर्धीच दिसणं किंवा भलत्याच रंगात दिसणं. मुंबईत याला सरसकट 'फाईल करप्ट झाली' नाहीतर 'फाईल उडाली' म्हणतात, पण बऱ्याचदा फाईल ठणठणीत असते, फक्त नावाच्या शेपटाला लागलेली अक्षरं (.jpg, .png वगैरे) आणि आतला माल यांचा मेळ बसत नसतो.

आतला माल काय आहे ते पहिले काही बाइट (० ते २५५ मधले आकडे) सांगतात. जेपेग २५५, २१६ ने सुरू होते. पीएनजी १३७ ने, आणि लगेच पी, एन, जी ही अक्षरं. नोटपॅडमध्ये उघडून बघितलं तरी पहिल्या ओळीत ही अक्षरं वाचता येतात (बघून बंद करायचं, चुकून सेव्ह केलं तर चांगली फाईलही खरोखर उडते). लालबाग-परळच्या बॅनरवाल्याकडे गणपतीच्या घाईत आयफोनचा फोटो येतो आणि उघडत नाही, तो बहुतेक वेळा हेइक (शेपटाला .heic) असतो. ॲपलने २०१७ मध्ये आयओएस ११ पासून हा प्रकार आणला. अशा फाईलचं नाव बदलून शेवटी जेपीजी लिहिलं म्हणून ती जेपेग होत नाही, कन्व्हर्टच करावी लागते.

जेपेगचं जन्मसाल मात्र वादाचं. कुणी १९८६ धरतं कारण तेव्हा तज्ज्ञांचा गट बसला, कुणी १९९४ कारण आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचं मानक तेव्हा छापलं गेलं. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची टी.८१ ही शिफारस, म्हणजे तेच मानक, सप्टेंबर १९९२ ची असल्याने १९९२ धरणं जास्त सरळ वाटतं. गंमत अशी की या मानकात चित्र दाबायचं कसं ते सांगितलंय, फाईल कशी बांधायची ते नीटसं नाही, म्हणून त्याच सुमारास फाईलची बांधणी सांगणारं जेएफआयएफ आलं आणि पुढे जपानी कॅमेरेवाल्यांचं, फोटोसोबत कॅमेऱ्याची माहिती ठेवणारं एक्झिफ (१९९५). दोघांचाही हट्ट एकच, की सुरुवातीच्या खुणेनंतर (तेच २५५, २१६) लगेच आमचाच तुकडा हवा, आणि काटेकोर अर्थाने एकाच फाईलमध्ये दोघांचं खरं होऊ शकत नाही. सुदैवाने बहुतेक प्रोग्रॅम याकडे काणाडोळा करतात.

एक्झिफच्या तुकड्यात सहसा एक छोटं चित्रही असतं, साधारण १६० बाय १२० चं. म्हणून गॅलरीत थंबनेल दिसतं आणि टॅप केलं की काही नाही, असा प्रकार होतो.

खरोखर बिघडलेल्या जेपेगची लक्षणं वेगळी. खालचा भाग राखाडी असेल तर फाईल अर्धवट कॉपी झालेली असते, म्हणजे पेनड्राइव्ह मध्येच उपटला किंवा डाउनलोड तुटलं; मूळ ठिकाणाहून परत आणणं हाच इलाज. मधूनच रंग बदलून चित्र सरकलेलं दिसत असेल तर आतले बिट चुकलेत. ८ बाय ८ च्या चौकोनांची माहिती कमी-जास्त लांबीच्या कोडमध्ये एकापुढे एक भरलेली असते आणि प्रत्येक चौकोनाची सरासरी चमक आधीच्या चौकोनाशी तुलना करून लिहितात, त्यामुळे एक बिट हुकला की पुढचं सगळं बिघडत जातं. मध्ये रिस्टार्टच्या खुणा, म्हणजे तुलना नव्याने सुरू करायच्या जागा, टाकल्या असतील तर नुकसान तेवढ्या पट्ट्यापुरतं राहतं. पीएनजीत प्रत्येक तुकड्याला तपासणीचा आकडा असतो, म्हणून ती बिघाड लपवत नाही, बरेचदा सरळ उघडायलाच नकार देते.

भलते रंग हा प्रेसवाल्यांचा विषय: छपाईसाठी सीएमवायकेत (छपाईच्या चार शाईंच्या रंगांत) सेव्ह केलेली जेपेग काही ठिकाणी उलट्या रंगात दिसते, आरजीबीत (स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्यात) सेव्ह केली की प्रश्न मिटतो.

मेमरी कार्डावरून फोटो डिलीट झाले असतील तर आधी त्या कार्डावर नवे फोटो काढणं थांबवायचं. लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे पाटीवरच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, रिकव्हरी करून देणारे बसतात. तिथे वापरतात त्यातले बरेच प्रोग्रॅम २५५, २१६ ही सुरुवात शोधत कार्ड चाळतात, आणि आतल्या थंबनेललाही तीच सुरुवात असल्याने परत मिळालेल्या ढिगात बारीक चित्रंच जास्त निघतात.