चिटणिशी

चिटणिशी : मराठी राज्यातील पत्रव्यवहाराचे खाते आणि ते वंशपरंपरेने सांभाळणाऱ्या घराण्यांची वृत्ती. गावात कुलकर्णी, परगण्यात देशपांडे, दरबारात फडणीस, पारसनीस (फार्सी पत्रे लिहिणारा), चिटणीस अशी लेखनाची कामे बहुधा घराण्याकडेच राहत. चिटणीस अष्टप्रधानांपैकी नव्हता. तरी राजपत्रे, सनदा व अभयपत्रे त्याच्या हातून जात.

शिवाजी महाराजांचा चिटणीस बाळाजी आवजी हा या परंपरेतील सर्वांत ख्यातनाम पुरुष. प्रधानपदाऐवजी त्याने वंशपरंपरागत चिटणिशी मागितली, तसेच कोऱ्या कागदावरून पत्र वाचून दाखविले, या कथा उत्तरकालीन बखरींतून येतात. समकालीन पुराव्याइतके वजन त्यांना देता येत नाही. संभाजी महाराजांविरुद्धच्या कटाच्या आरोपावरून 1681 मध्ये त्याला देहदंड झाला. मात्र त्याचा मुलगा खंडो बल्लाळ पुढे संभाजी, राजाराम व शाहू या तिघांच्या सेवेत राहिला. पित्याच्या वधानंतरही लेखणी त्याच घरात राहिली, यावरून अशा कसबी घराण्याची राज्याला किती गरज होती ते दिसते.

मोडी लिपी व वळण : मोडीच्या उगमाविषयी मतभेद आहेत. यादवांचा मंत्री हेमाद्री (तेरावे शतक) याने ती रूढ केली, हे परंपरागत मत. वि. का. राजवाडे यांनी फार्सी शिकस्ता (जलद, मोडक्या वळणाच्या) लेखनाच्या धर्तीवर ती सिद्ध झाल्याचे मानले, चांदोरकरांनी तिचा संबंध मौर्यकालीन ब्राह्मीशी जोडला, तर बा. अ. गुप्ते यांनी तिचे श्रेय बाळाजी आवजीला दिले. शिवपूर्व काळातील मोडी कागद उपलब्ध असल्याने शेवटचे मत लिपीच्या जन्मापुरते टिकत नाही. चिटणिशी वळण घडविण्यात या घराण्याचा वाटा होता, एवढे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरेल.

लिहिताना कागदावर आधी आडवी रेघ ओढीत व तिच्याखाली बोरू शक्यतो न उचलता अक्षरे लिहीत. शब्द सुटे नसत. ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळला जात नसे. त्यामुळे वाचणाऱ्यालाही मायने, म्हणजे पत्रातील ठरावीक संबोधने, पाठ असावे लागत. कोणाला ‘राजमान्य राजश्री’ व कोणाला ‘अखंडित लक्ष्मी अलंकृत’ लिहावे, याचे नियम ‘मेस्तक’ या प्रकारच्या टिपणांत असत. त्यांचा आरंभही हेमाद्रीकडे नेला जातो. शिवकालीन पत्राच्या माथ्यावर मुद्रा, मजकुराअखेर ‘मर्यादेयं विराजते’ हे मोर्तब, म्हणजे समाप्तीचा शिक्का. त्याखाली भर घालण्यास वाव उरत नसे. कागदाला कागद चिकटवून पत्र लांबविले, तर सांध्यावरही शिक्का उमटवीत. हे सारे मुलाने घरच्या दप्तरातील जुन्या पत्रांवरून कित्ता गिरवून शिकावे, अशी रीत होती.

इतिहासलेखन : पत्रलेखक घराण्यातून चरित्रकार निघणे स्वाभाविक होते. खंडो बल्लाळाचा वंशज मल्हार रामराव चिटणीस याने साताऱ्यात, बहुधा 1810 च्या सुमारास, शिवचरित्राची सप्तप्रकरणात्मक बखर लिहिली. पुढील छत्रपतींच्या बखरीही त्याच्याच. घरचे दप्तर हाताशी असल्याने त्याला तपशील मिळाला. परंतु त्याने केलेल्या संभाजी महाराजांच्या प्रतिकूल चित्रणामागे बाळाजीच्या देहदंडाची घराण्यातील आठवण असावी, हे अभ्यासकांचे मत ग्राह्य वाटते. माहिती आणि पक्षपात या लेखनात एकाच दप्तरातून आले आहेत. म्हणून त्याची बखर टाकूनही चालत नाही व पडताळल्याविना स्वीकारूनही. संस्कृतात असे पिढीजात लेखन कवींद्र परमानंदाच्या घरात आढळते : त्याच्या शिवभारतानंतर पुत्र देवदत्त व नातू गोविंद यांनी काव्यरचना पुढे चालविली.

मराठी सत्तेच्या अस्तानंतर दरबारी चिटणिशी संस्थानांपुरती उरली. इंग्रज सरकारच्या 1852 च्या इनाम चौकशीत घराण्यांना सनदा पुढे कराव्या लागल्या, तेव्हा घरातील जुने रुमाल (कागदांची कापडी गाठोडी) उलगडले गेले. गावपातळीवरील लेखनवतने कोल्हापुरात 1918 मध्ये, तर मुंबई राज्यात 1950 च्या परगणा व कुलकर्णी वतन निर्मूलन कायद्याने संपुष्टात आली.