चुकीची छापलेली किंमत दुकानदारावर बंधनकारक असते का? : पार्श्वभूमी

जाहिरातीत चुकून कमी किंमत छापली गेली, तर दुकानदाराने वस्तू त्याच किमतीला दिलीच पाहिजे, अशी अनेक ग्राहकांची समजूत असते. इंग्रजी कायद्याच्या परंपरेतील उत्तर मात्र बहुधा नकारार्थी आहे आणि ज्या खटल्यांतून ते घडत गेले, त्यांत किमतीची चूक हा वादाचा विषयच नव्हता.

1896 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयापुढे, मद्यविक्रेत्याच्या दरपत्रकाचा प्रश्न आला, तेव्हा न्यायाधीश लॉर्ड हर्शेल यांनी म्हटले की दरपत्रकालाच प्रस्ताव (म्हणजे समोरच्याने स्वीकारताच करार होतो अशी तयारी) मानले, तर साठा संपल्यावरही येईल त्या प्रत्येक मागणीने विक्रेता बांधला जाईल. पुढे बूट्स या औषधविक्रेत्या कंपनीने लंडनजवळच्या एजवेअर येथे ग्राहकाने स्वतःच फळीवरून वस्तू उचलण्याची पद्धत सुरू केली. काही औषधांची विक्री नोंदणीकृत औषधनिर्मात्याच्या देखरेखीखालीच व्हावी असा कायदा असल्याने, विक्री नेमकी कोठे पूर्ण होते, फळीपाशी की गल्ल्यापाशी, हे ठरवणे भाग पडले. 1952 मध्ये उच्च न्यायालयाने आणि 1953 मध्ये अपील न्यायालयाने निर्णय दिला, की प्रस्ताव ग्राहक मांडतो आणि तो गल्ल्यापाशी स्वीकारला जातो; म्हणजेच दुकानदार तो नाकारूही शकतो. यामागचे कारण ग्राहकाच्याच हिताचे होते: टोपलीत टाकताच वस्तू विकली गेली असे मानले असते, तर ती परत फळीवर ठेवण्याची मुभा उरली नसती. 1960 मध्ये ब्रिस्टलच्या एका दुकानात काचेमागे मांडलेल्या खटक्याच्या चाकूबाबत आणि 1968 मध्ये नियतकालिकातील पक्षीविक्रीच्या जाहिरातीबाबत हेच तत्त्व लागू झाले.

अमेरिकेत 1957 साली मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयाने याला महत्त्वाचा अपवाद केला. 139.50 डॉलरची फरची शाल पहिल्या येणाऱ्यास 1 डॉलरला, अशी स्पष्ट जाहिरात करून दुकानाने ती नाकारली, तेव्हा न्यायालयाने ग्राहकाला 138.50 डॉलर मिळवून दिले.

खऱ्या अर्थाने चुकीच्या किमतीचे खटले नंतरचे आहेत. कॅलिफोर्नियात 37,995 डॉलरची जग्वार मोटार वर्तमानपत्रात 25,995 डॉलरला छापली गेली. 2001 मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने करार झाल्याचे मान्य केले, पण चूक प्रामाणिक असल्याने विक्रेत्याला तो रद्द करू दिला. सिंगापूरमध्ये 2003 साली 3,854 डॉलरचा प्रिंटर संकेतस्थळावर 66 डॉलरला दिसला आणि सहा जणांनी 1,606 प्रिंटर मागवले. त्यांना स्वयंचलित पोचही मिळाली होती. तरीही किंमत चुकीची असल्याचे त्यांना ठाऊक होते, या कारणास्तव 2005 मध्ये अपील न्यायालयाने करार निरर्थक ठरवला.

हा निकष मला न्याय्य वाटतो, कारण त्यामुळे चूक ओळखूनही संधी साधणारा आणि भरवशाने पैसे भरणारा ग्राहक वेगळे काढता येतात. बऱ्याच ऑनलाइन दुकानांनी मात्र माल रवाना केल्यावरच करार होतो अशी अट घालून पैसे भरलेल्या ग्राहकालाही नकार देण्याची सोय करून ठेवली आहे आणि तेथे ग्राहकाला काय ठाऊक होते, हा प्रश्न विचारण्यापर्यंत प्रकरण जातच नाही.