परतवाडा–चिखलदरा–सेमाडोह : दोन मुक्कामांच्या सहलीची आखणी
(आमच्याकडून गाडी घेणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

चिखलदऱ्यासाठी आमच्याकडे येणारे बहुतेक ग्राहक सकाळी जाऊन संध्याकाळी परतण्यासाठीच गाडी मागतात. तशी गाडी आम्ही अवश्य देतो. मात्र सुमारे 1,118 मीटर उंचीवरचे हे ठिकाण पहाटे आणि सूर्यास्ताला सर्वांत देखणे असते, आणि एका दिवसाच्या सहलीत नेमक्या याच दोन वेळा घाटात किंवा घरी जातात. म्हणून ज्यांना सवड आहे त्यांनी एक रात्र चिखलदऱ्याला आणि दुसरी सेमाडोह किंवा कोलकासला काढावी, असे आम्ही सुचवतो.

मार्ग

जाताना धामणगाव गढी आणि मोथा या बाजूने चढावे आणि परतताना सेमाडोहहून घटांगमार्गे उतरावे, म्हणजे तोच रस्ता दोनदा पाहावा लागत नाही. मोथ्याला गवळ्यांची वस्ती असून तेथील खवा आणि रबडी चाखण्यासाठी थांबायला हरकत नाही. चिखलदऱ्यात देवी पॉइंट, भीमकुंड आणि पंचबोल ही ठिकाणे एकमेकांपासून फार दूर नाहीत. परंतु गाविलगड त्यांच्याच यादीत अर्ध्या तासासाठी बसवू नये. बहमनी काळातला हा किल्ला नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात असताना डिसेंबर 1803 मध्ये आर्थर वेलस्लीच्या फौजेने घेतला आणि त्यापाठोपाठ देवगावचा तह झाला. तटबंदी, तलाव आणि दिल्ली दरवाज्यावरची शिल्पे नीट पाहायची तर एक अख्खी सकाळ, पायात चांगले बूट आणि सोबत पुरेसे पाणी हवे. चिखलदऱ्यात कॉफीची लागवड होते, हे आपल्याकडच्याही पुष्कळांना ठाऊक नसते. तिथली कॉफी पावडर विकत मिळते.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणानंतर लगेच सेमाडोहकडे निघावे. हा सगळा पट्टा मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा आहे. देशात 1973–74 मध्ये जे पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प झाले, त्यांपैकी हा एक. वळणांचा रस्ता, मधूनच रस्त्यावर येणारे गवे आणि सांबर यांमुळे आमचे चालक अंधार पडल्यावर जंगलात गाडी काढत नाहीत. कृपया त्यांना तसा आग्रह करू नये. कोलकासला सिपना नदीच्या काठी संध्याकाळी नुसते बसून राहण्यासारखी जागा आमच्या पाहण्यात दुसरी नाही.

मुक्काम

मुक्कामाचा खर्च ठिकाणापेक्षा वारावर अधिक अवलंबून असतो. पावसाळ्यातले शनिवार-रविवार, दिवाळीची सुटी आणि 31 डिसेंबर या दिवसांत चिखलदऱ्याच्या साध्या लॉजचे भाडेही बरेच चढते. तीच खोली मंगळवारी किंवा बुधवारी पुष्कळ स्वस्तात मिळते. पर्यटन विकास महामंडळाचे निवासस्थान आधी आरक्षित करावे. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या विश्रामगृहाच्या भरवशावर राहू नये, कारण तेथे सरकारी पाहुण्यांना प्राधान्य असते. सेमाडोह आणि कोलकास येथील निवास वन विभागाचे आहेत. सोयी साध्या आहेत, पण मोठ्या गटासाठी सेमाडोहची सामूहिक निवासाची सोय सर्वांत परवडणारी ठरते. आरक्षण झाल्याशिवाय आमच्याकडे तारीख पक्की करू नये आणि प्रत्येकाचे ओळखपत्र सोबत ठेवावे. पावसाळ्यात गाभा क्षेत्रातील सफारी बंद असते. त्या दिवसांत धुके आणि धबधबे पाहायला यावे, वाघ पाहायला नव्हे.

भाडे

बाहेरगावी नेण्याच्या गाडीला दिवसाला ठरावीक किमान किलोमीटरचे भाडे लावण्याची पद्धत आहे. ही सहल आजूबाजूच्या फिरण्यासह 150 किलोमीटरच्या आसपास होते, म्हणून किलोमीटरच्या हिशेबाने आपण न फिरलेल्या अंतराचेही पैसे मोजाल. त्याऐवजी दिवसाच्या ठोक दराने गाडी घ्यावी. आमचा फायदा त्यात कमी आहे, पण नंतर हिशेबावरून कटकट नको. चालकाचा रात्रभत्ता, वाहनतळ आणि वन विभागाचे प्रवेशशुल्क ग्राहकाकडे राहील. इंधन आम्ही परतवाड्यातच भरून घेतो. पुढे मोबाइलला सगळीकडे रेंज मिळत नाही आणि ऑनलाइन पैसे देणेही अडते, तेव्हा रोख रक्कम जवळ असावी.

परतीच्या दिवशी मुक्तागिरी जोडायची असेल तर गाडी ठरवतानाच सांगावे. हे 52 मंदिरांचे जैन तीर्थ परतवाड्याहून जवळ असले तरी मध्य प्रदेशाच्या बैतुल जिल्ह्यात येते, आणि पिवळ्या पाटीच्या गाडीला तिच्या परवान्यानुसार राज्याची हद्द ओलांडण्यापूर्वी त्या राज्याचा कर भरावा लागू शकतो. पायऱ्या बऱ्याच आहेत. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी विचार करून यावे. जानेवारीत त्याच बाजूला बहिरमची जत्रा भरलेली असते. हंडीतले मटण आणि रोडगे खायचे असतील तर वाट वाकडी करावी, मात्र गर्दीमुळे त्या दिवशी मुक्तागिरी आणि बहिरम दोन्ही होणार नाहीत. मुक्तागिरीला मद्य-मांस चालत नसल्याने दोहोंपैकी एकच निवडलेले बरे.

गाडी ठरवताना माणसांची संख्या, सोबत लहान मुले किंवा वृद्ध आहेत का, आणि घाटात कोणाला गाडी लागते का, एवढे आम्हाला आधी कळवावे. त्यावरून छोटी गाडी पुरेल की मोठी द्यावी, हे ठरवता येते.