लघु बिअर कारखान्यातील गॅस बर्नरचे नियंत्रण

बिअर तयार करताना पाणी आणि वर्ट (माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचा, गोड काढा) तापवणारा गॅस बर्नर आपोआप पेटवणारी, त्याच्या ज्योतीवर पहारा ठेवणारी आणि ज्योत नसेल तर गॅस तोडणारी विद्युत व्यवस्था. यात दोन कामे अगदी वेगळी आहेत. तापमान नियंत्रक फक्त उष्णता मागतो. व्हॉल्व्ह उघडण्याचा अधिकार ज्योत-नियंत्रकाचा. तापमान नियंत्रकाची तार थेट व्हॉल्व्हला जोडली तर काय होते? वाऱ्याने ज्योत विझते, टाकी थंड होऊ लागते आणि टाकी थंड झाली म्हणून तापमान नियंत्रक व्हॉल्व्ह उघडाच ठेवतो. या जोडणीइतकी घातक चूक दुसरी नाही.

ठाण्यातील वागळे इस्टेट किंवा नवी मुंबईतील रबाळे-महापे-तुर्भे पट्ट्यातल्या एखाद्या गाळ्यात असा कारखाना थाटायचा, तर राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना आधी लागतो. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार परवान्याविना घरच्या घरीही बिअर बनवता येत नाही. पुढचा प्रश्न इंधनाचा. नळाचे २८ अंशांचे ५०० लिटर पाणी उकळीला आणायला सुमारे १५० मेगाज्यूल, म्हणजे जवळजवळ ४२ युनिट उष्णता लागते. हे तासाभरात विजेवर करायचे तर ४२ किलोवॉटचा भार झाला, म्हणून लहान गाळ्यात गॅस परवडतो. उघड्या बर्नरची निम्मी उष्णता भांड्याच्या कडेने वर निघून जाते असे धरले, तरी साडेसहा किलो एलपीजी पुरतो, म्हणजे १९ किलोच्या व्यावसायिक सिलिंडरचा तिसरा हिस्सा. मात्र एकटा सिलिंडर तासाला इतका गॅस देऊ शकत नाही. आतला द्रव वायू होताना स्वतःच गार पडतो, बाहेरून दव आणि मग बर्फ धरतो, दाब उतरतो आणि ज्योत पिवळी, लुळी होते. यावर उपाय म्हणजे मॅनिफोल्डवर एकत्र जोडलेले अनेक सिलिंडर. सिलिंडर गरम पाण्यात उभा करण्याची हॉटेलांतली युक्ती इथे नको. महानगर गॅसची पाइपलाइन गाळ्यापर्यंत आली असेल तर ही कटकट नाही, पण एलपीजीचे जेट (बर्नरमध्ये गॅस सोडणारे बारीक छिद्राचे तोंड) तसेच ठेवून चालत नाही. त्याच आकारमानाच्या नैसर्गिक वायूत एलपीजीच्या निम्म्याहूनही कमी उष्णता असते, म्हणून जेटचे छिद्र मोठे लागते.

ज्योत-नियंत्रकाचा क्रम ठरलेला असतो. मागणी आली की तो आधी पाहतो, की ज्योतीचा संकेत आधीपासूनच तर येत नाही ना; येत असेल तर काहीतरी बिघडले आहे आणि तो पुढे जात नाही. पंख्याचा बर्नर असेल तर भट्टीतली जुनी हवा बाहेर ढकलली जाते. मग ठिणगी, मग गॅस. काही सेकंदांत ज्योत दिसली नाही तर व्हॉल्व्ह बंद आणि लॉकआउट, जो माणसाने बटण दाबल्याशिवाय सुटत नाही. हे बटण लिफ्टच्या बटणासारखे पुन्हा पुन्हा दाबणारे लोक असतात. प्रत्येक प्रयत्नाला थोडा न जळलेला गॅस केटलखाली (वर्ट उकळण्याच्या टाकीखाली) साचत जातो आणि शेवटची ठिणगी तो एकदम पेटवते.

ज्योत ‘दिसते’ कशी, हा या यंत्रणेचा सर्वांत सुंदर भाग. जुन्या पद्धतीत पायलटमध्ये, म्हणजे सतत जळणाऱ्या छोट्या ज्योतीत, थर्मोकपल असते. ते तापून काही मिलिव्होल्ट देते आणि तेवढ्यावर चुंबकी व्हॉल्व्ह उघडा धरून ठेवते. ज्योत विझल्यावर ते निवायला अर्धा-एक मिनिट जाऊ शकते. आयनीभवन पद्धतीत ज्योतीत एक धातूची सळई असते आणि तिला प्रत्यावर्ती दाब (एसी व्होल्टेज) दिलेला असतो. ज्योतीतल्या आयनांमुळे वीज वाहते, पण बर्नरचे क्षेत्रफळ सळईपेक्षा कितीतरी मोठे असल्याने ती एका दिशेने जास्त वाहते. एकाच दिशेचा हा काही मायक्रोअँपिअर प्रवाह म्हणजे ज्योतीची सही. वर्ट दुधासारखे उतू जाते, विशेषतः पहिल्या उकळीला, आणि सळई भिजते. ओल्या सळईतूनही वीज वाहतेच, पण दोन्ही दिशांनी सारखी. नियंत्रक फसत नाही. सेकंदभरात गॅस तोडतो.

या पद्धतीची नाजूक बाजू वायरमनला ठाऊक असावी लागते. प्रवाह बर्नरच्या अंगातून अर्थिंगमार्गे न्यूट्रलला परत येतो. म्हणून फेज-न्यूट्रल उलटे जोडले की अनेक नियंत्रक ज्योत ओळखतच नाहीत: बर्नर पेटतो, काही सेकंद छान जळतो आणि लॉकआउट होतो. पावसाळ्यात वीज गेली, कारखाना इन्व्हर्टरवर किंवा जनरेटरवर घेतला आणि बर्नरने हाच खेळ सुरू केला, तर सळई बदलू नये. इन्व्हर्टरचा न्यूट्रल अर्थशी जोडलेला नसतो, हे बहुधा खरे कारण. तो जोड कुठे आणि कसा द्यायचा हे उत्पादकाच्या आकृतीनुसार जाणकार विद्युत ठेकेदारानेच ठरवावे.

सुरक्षेचे सगळे संपर्क एकाच माळेत, एकापुढे एक येतात: आणीबाणीचे लाल बटण, गॅसच्या दाबाचे स्विच, गळती-शोधक, एक्झॉस्टच्या हवेचे स्विच, रिकामी केटल ओळखणारा फ्लोट, अतितापमानाचा वेगळा थर्मोस्टॅट. माळेच्या शेवटी तापमान नियंत्रकाचा संपर्क आणि त्यापुढे ज्योत-नियंत्रक. तापमान नियंत्रकाने इथे साधा यांत्रिक रिले वापरावा. विजेच्या हीटरवरून गॅसवर आलेले लोक सवयीने सॉलिड स्टेट रिले (हलणारे संपर्क नसलेला इलेक्ट्रॉनिक रिले) लावतात. तो बंद असतानाही काही मिलिअँपिअर गळू देतो, तेवढ्यावर बारीक कॉइल गुणगुणत राहू शकते. शिवाय तो बिघडतो तेव्हा बहुधा शॉर्ट होऊन, म्हणजे ‘चालू’ राहून बिघडतो. अमेरिकेहून मागवलेल्या संचात व्हॉल्व्ह २४ व्होल्टचे असतात आणि सोबतचा ट्रान्सफॉर्मर १२० व्होल्टचा. तो आपल्या २३० वर लावला की धूर निघतो. मुंबईतल्या विजेच्या सामानाच्या बाजारातून, लोहार चाळीतून, २३० ते २४ चा घ्यावा.

माल्ट भिजवण्याचे तापमान ६२ ते ६८ अंशांत सांभाळायचे असते आणि ते पीटी-१०० (तापमानानुसार रोध बदलणारा प्लॅटिनमचा) संवेदक मोजतो. त्याची तार ठिणगीच्या तारेजवळून नेऊ नये. ठिणगीचा दाब हजारो व्होल्टचा असतो आणि आकडे उड्या मारू लागतात. बर्नर बंद झाल्यावरही केटलचा तापलेला तळ उष्णता देत राहतो, त्यामुळे एक-दोन अंश आधीच थांबणारे साधे चालू-बंद नियंत्रण पुरते. हीटरसाठी केलेली, दर काही सेकंदांनी चालू-बंद करणारी पीआयडी (तापमानातल्या फरकानुसार उष्णता कमी-जास्त करणारी नियंत्रण पद्धत) इथे ठिणगी आणि व्हॉल्व्ह दोन्ही झिजवते.

कारखान्यात सतत धुणे चालते, म्हणून जमिनीला उतार आणि मध्ये गटार असते. एलपीजी हवेपेक्षा दीड ते दोन पट जड. गळती झाली तर तो त्याच उतारावरून त्याच गटारात उतरतो आणि शेजारच्या गाळ्यापर्यंतही जाऊ शकतो. एलपीजीचा शोधक जमिनीपासून वीतभर उंचीवर, पाण्याचा फवारा लागणार नाही असा बसवावा. पाइपचा गॅस हलका असल्याने त्याचा शोधक छताजवळ जातो. एका इंधनावरून दुसऱ्यावर गेल्यावर जेट बदलण्याची आठवण बहुतेकांना राहते, शोधकाची जागा बदलायची राहून जाते.